सावलीचे ऋण

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की शहरातील मुलांना आजोळचे वेध लागतात. परंतु आजोळी पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांतच पुष्कळांचा उत्साह मावळतो. सकाळी दहा वाजल्यापासून ऊन अंगणात पाय ठेवू देत नाही. वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. दुपारी गावातली मुलेही घराबाहेर पडत नाहीत. ‘खेड्यातला उन्हाळा म्हणजे नुसता कंटाळा,’ असे मग ही पाहुणी मुले म्हणू लागतात, आणि मोठी माणसेही त्यांच्या म्हणण्याला मान डोलावतात. हे मत कितपत खरे आहे, ते अशाच एका दिवसाकडे नीट पाहिले असता कळून येते.

बीड जिल्ह्यातील एक लहानसे गाव. मे महिन्याचा तिसरा आठवडा. गावाच्या कडेला, रस्त्याला लागून एक जुने माळवदाचे घर आहे. घराच्या भिंती दगडमातीच्या आणि हातभर रुंद आहेत. घर आणि रस्ता यांच्यामध्ये कडुनिंबाचे एक मोठे झाड उभे आहे. मराठवाड्यात त्याला नुसते ‘लिंब’ म्हणतात. या घरी पुण्याहून बारा वर्षांची एक नात आली होती. तिला येऊन तीन दिवस झाले होते, आणि परत जाण्याचे दिवस ती बोटांवर मोजू लागली होती.

त्या दिवशी ती आठ वाजता उठली. घरात सारे शांत होते. आजोबा ओसरीवर बसून दोरी वळत होते आणि आजी ताक घुसळत होती. “इथं सगळे रिकामेच असतात,” असे तिच्या मनात आले. परंतु ही तिची चूक होती. आजोबा पहाटे चारलाच शेतावर गेले होते. नांगरट पाहून, बैलांना पाणी दाखवून ते उन्हाच्या आत परतले होते. आजीने हापशावरून पाण्याच्या तीन खेपा केल्या होत्या, दारातला रांजण भरला होता आणि भाकरीही भाजल्या होत्या. नात उठली तेव्हा घराचा अर्धा दिवस संपला होता.

“उन्हाशी भांडायचं नसतं,” आजोबा म्हणत, “त्याच्या आधी उठायचं असतं.”

उन्हाचा राग करण्याचेही त्यांना कारण वाटत नसे. उन्हाळ्यात शेत खोल नांगरून मोकळे टाकले, की मातीत दडलेले किडींचे कोष आणि हरळीसारख्या तणांच्या मुळ्या उघड्या पडतात व उन्हाने वाळून जातात. कुरड्या आणि पापड माळवदावर घटकेत सुकतात. जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि समुद्रावरचे ओलसर वारे तिच्या जागी ओढले जातात. पावसाळ्याच्या अनेक कारणांपैकी हे एक मोठे कारण आहे. म्हणून शेतकरी उन्हाळ्याला शत्रू मानीत नाही. कडक स्वभावाच्या पाहुण्याला जसे वागवावे, तसे तो त्याला वागवतो.

अकराच्या सुमारास नातीला गरम होऊ लागले. तिने विचार केला, की दारापुढच्या फरशीवर पाणी टाकले तर गारवा येईल. तिने दोन भरलेल्या घागरी फरशीवर ओतल्या. फरशीतून वाफ निघाली, ओल्या मातीचा वास आला आणि क्षणभर बरे वाटले. पण थोड्याच वेळात फरशी पुन्हा कोरडी झाली. आजीने हे पाहिले. ती रागावली नाही. तिने एक रिकामी घागर उचलून कमरेवर घेतली आणि ती उन्हात चालू लागली.

“आजी, कुठं चाललीस?”

“पाण्याला.”

नात तिच्या मागोमाग निघाली. हापसा फार लांब नव्हता, तरी रस्त्याची माती चपलेतून भाजत होती. हापशाचा लोखंडी दांडा इतका तापला होता, की आजीने हाताला पदर गुंडाळून तो धरला. पहिले वीस-पंचवीस हेलकावे कोरडेच गेले. मग आतून घरघर ऐकू आली आणि करंगळीएवढी धार सुरू झाली. घागर भरायला बराच वेळ लागला. परतताना नातीने आपण होऊन हात पुढे केला, आणि दोघींनी मिळून घागर आणली. दुसऱ्या घागरीसाठी नात एकटीच कळशी घेऊन दोनदा गेली. त्यानंतर त्या सुट्टीत तिने फरशीवर पाणी टाकले नाही. तिला कोणी उपदेश केला नव्हता. पाणी किती जड असते, हे तिच्या हातांना समजले होते.

बारा वाजले. वारा पडला. साळुंक्या चोची उघड्या ठेवून लिंबाच्या पानांत बसल्या होत्या. रांजणाखालच्या ओलसर मातीत गावातले एक कुत्रे पोट टेकून पडले होते. एवढ्यात रस्त्यावरून दहाबारा माणसे आली. गावाजवळच्या रस्त्यावर खडी-डांबराचे काम चालू होते. तेथले हे मजूर होते. त्यांच्या पायांना जुन्या चपलांवर फडकी बांधलेली होती. एका बाईने लिंबाच्या खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली आणि तीत आपले तान्हे मूल निजविले. बाकीच्यांनी रांजणातले पाणी ओगराळ्याने घेतले, तोंडे धुतली, भाकरी आणि ठेचा सोडला व झाडाखाली जेवायला बसले.

नातीने आजीच्या कानाशी लागून विचारले, “ही माणसं आपल्याकडे का आली?”

“आपल्याकडे नाही आली, माय. सावलीला आली.”

“पण झाड तर आपलं आहे ना?”

“झाड आपलं. सावली कुणाची असते? सकाळी ती आपल्या ओसरीवर येते, दुपार कलली की रस्त्यावर जाते. तिला कुणी सांगितलं नाही.”

मग आजीने तिला एक हकीकत सांगितली. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, कडबा संपला. गावोगावी दुष्काळी कामे निघाली. कोणी खडी फोडू लागले, तर कोणी पाझर तलावांची माती वाहू लागले. पुढच्या उन्हाळ्यात आजी बारा वर्षांची होती. म्हणजे नातीच्याच वयाची. ती आपल्या आईबरोबर तलावाच्या कामावर जाई. तेथे दूरवर एकही झाड नव्हते. दुपारी तिची आई दोन टोपली एकावर एक ठेवी, वर पदर पसरी, आणि तेवढ्याशा सावलीत धाकट्या भावाचे डोके राहील असे पाही. आजी उन्हातच बसे. तिच्या डोक्याएवढी सावली तेथे नव्हती.

“लग्न होऊन या घरी आले, तेव्हा दारात काहीच नव्हतं,” आजी म्हणाली. “पहिल्या पावसात पिकलेली निंबोळी मातीत टाकली. तीन उन्हाळे भांडी धुतलेलं पाणी घातलं. शेळ्यांनी दोनदा शेंडा खाल्ला. तरी ते जगलं.”

नातीने वर पाहिले. हे झाड फार पूर्वीपासून, कोणी न लावताच येथे उभे असावे, असे तिला वाटत होते. जिला लहानपणी सावली मिळाली नाही, त्या मुलीने ते लावले होते, आणि आज त्याच्या फांदीला एका अनोळखी बाईचे मूल झोळीत निजले होते.

या हकीकतीत विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. सावली ही फुकट मिळणारी वस्तू आहे, असे आपण समजतो. ते खरे नाही. प्रत्येक सावलीमागे कोणाचे तरी श्रम आणि कोणाचे तरी पाणी असते.

माठाचे उदाहरण घ्यावे. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते व त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती उष्णता माठातून घेतली जाते, म्हणून आतील पाणी थंड होते. हवा जितकी कोरडी, तितके हे काम जलद होते. म्हणूनच मराठवाड्यातील माठाचे पाणी जेवढे गार होते, तेवढे कोकणातील दमट हवेत होत नाही. माणसाच्या अंगाला घाम येतो तोही याच कारणासाठी. शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. बाहेरची हवा त्याहून अधिक तापली, म्हणजे शरीराला थंड ठेवण्याचा घाम हाच एक मार्ग उरतो. झाडही तेच करते. मुळांनी ओढलेले पाणी ते पानांवाटे हवेत सोडते. पत्र्याच्या छपराखाली सावली असूनही भाजून निघते, कारण पत्रा स्वतः तापतो आणि ती उष्णता खाली टाकतो. लिंबाच्या पानांचे तसे होत नाही. माठ, माणूस आणि झाड ही तिन्ही आपल्याजवळचे पाणी देऊन गार राहतात. ज्याने झाडाला पाणी दिले, त्यानेच त्याच्या सावलीची किंमत आधी मोजलेली असते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वर्तमानपत्रांत उन्हाळ्यातील तापमानाचा जो आकडा छापून येतो, तो सावलीतला असतो. हवामान खात्याचे तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेले असतात. त्यांवर ऊन पडू दिले जात नाही. तेव्हा ‘आज पारा ४२ अंशांवर गेला’ असे आपण वाचतो, त्याचा अर्थ सावलीत तेवढे तापमान होते असा आहे. उघड्यावर खडी पसरणाऱ्या, उकळते डांबर ओतणाऱ्या माणसाच्या अंगाला किती ताप सोसावा लागला, ते त्या आकड्यावरून कळत नाही. ज्यांना सावली आहे त्यांचाच उन्हाळा आपण मोजतो.

यावर कोणी म्हणेल, की आता पंखे आहेत, कूलर आहेत, खोली थंड करणारी यंत्रे आहेत. झाडांचे एवढे कौतुक कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यंत्रांनी माणसांचे फार मोठे हित केले आहे. पूर्वीच्या काळी उष्माघाताने वृद्ध आणि तान्ही मुले दगावत. आजही दगावतात. ज्या घरात आजारी माणूस आहे, तेथे पंखा चालू असलाच पाहिजे. जुने ते सारे सोने, असे मानण्याचे कारण नाही. परंतु यंत्राचा गारवा भिंतीच्या आत राहतो. खोली थंड करणारे यंत्र आतील उष्णता बाहेर टाकते आणि चालण्यासाठी लागलेल्या विजेची उष्णताही त्यात मिळवते. आत बसलेल्यांना सुख होते, पण बाहेर उभा असलेला मनुष्य थोडा अधिक तापतो. झाडाचे याच्या उलट आहे. त्याच्या दारी येणाऱ्याला ते पैसे विचारीत नाही आणि नावही विचारीत नाही.

नाव विचारण्याची खोड माणसांना मात्र होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. जुन्या खेड्यांचे वर्णन करताना पाणवठे आणि पार यांचे आपण कौतुक करतो. पण त्या पाणवठ्यावर सर्वांना सारखे पाणी मिळत नसे. ज्यांना अस्पृश्य मानले गेले, त्यांना भर उन्हात दूर उभे राहून कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाहावी लागे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी हा अन्याय जगापुढे मांडला. म्हणून जुन्या काळाकडून घ्यायचे ते नीट निवडून घ्यावे. लिंब घ्यावा, रांजण घ्यावा. पण रांजणाजवळ ओगराळे एकच असावे, आणि ते सर्वांच्या हाताचे असावे. आजोळच्या त्या दारात ते तसेच होते. मजुरांनी पाणी घेतले त्याच ओगराळ्याने थोड्या वेळाने आजोबांनीही घेतले.

सावली ही सार्वजनिक गोष्ट आहे, हा विचार आजचा नाही. सम्राट अशोकाने बावीसशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या स्तंभलेखात नोंदवून ठेवले आहे, की माणसांना व पशूंना सावली मिळावी म्हणून त्याने रस्त्यांच्या कडेला वड लावविले आणि विहिरी खणविल्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात रयतेची आंब्या-फणसाची झाडे परस्पर तोडण्यास मनाई केलेली आढळते. झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, असे त्याचे कारण तेथे दिले आहे. आपल्या काळात, २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि मुलांसाठी व विश्रांतीसाठी सावली असावी, असे त्यात लिहिले गेले. आजीच्या आईला टोपल्यांवर पदर पसरावा लागला होता. त्यानंतर तीसएक वर्षांनी सावली हा शब्द कायद्यात आला. ही लहान गोष्ट नव्हे.

आता या घरापुढे एक प्रश्न उभा आहे. नातीचा मामा तालुक्याच्या गावी नोकरी करतो. त्याचे म्हणणे असे, की रस्ता रुंद आणि चांगला होत आहे. रस्त्याला लागून दोन गाळे बांधले, तर भाडे येईल. शेतीच्या उत्पन्नाचा भरवसा नाही आणि आईवडील थकले आहेत. त्यासाठी लिंब तोडावा लागेल. त्या दुपारी त्याचा फोन आला, तेव्हाही हाच विषय निघाला. मामाचे बोलणे वावगे नव्हते. ज्याला आईबापांची काळजी आहे, असा मुलगा हेच बोलेल.

आजोबा शांतपणे म्हणाले, “गाळे बांध. पण गिऱ्हाईक उभं कुठं राहील, त्याचाही विचार कर. एस. टी. इथं का थांबते? पाटी लावली म्हणून नाही. माणसं लिंबाखाली उभी असतात म्हणून थांबते. गाळे दहा हात बाजूला घेता येतील. झाड बाजूला घेता येणार नाही.”

या प्रश्नाचा निकाल त्या दिवशी लागला नाही. पण त्यावर एक मत देता येते. गाळे बांधण्यात गैर काही नाही. नव्या उद्योगाला जागा लागते आणि खेड्यातही चार पैसे आले पाहिजेत. मात्र जमाखर्च मांडताना खर्चाची बाजू पूर्ण मांडावी. सिमेंटच्या दोन खोल्या सहा महिन्यांत उभ्या राहतात. तसा लिंब उभा राहायला पंचवीस-तीस उन्हाळे लागतात, आणि त्यातले पहिले तीन उन्हाळे कोणाला तरी दररोज त्याला पाणी घालावे लागते. १८५० ते १९०० या काळाशी तुलना करता, २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने वाढलेले होते, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. पुढचे उन्हाळे अधिक कडक असण्याचा संभव आहे. अशा वेळी उभे झाड तोडणे म्हणजे पेरणीच्या तोंडावर बियाणे विकून खाण्यासारखे आहे.

मुलांनी या प्रश्नात काय करावे? झाडे वाचवा, असे फलक हाती घेऊन चालणे सोपे आहे. तीन उन्हाळे रोज एक कळशी पाणी वाहणे त्यापेक्षा अवघड आहे. पण सावली तेवढ्यानेच वाढते. ज्याने दुसऱ्याने लावलेल्या झाडाखाली एक दुपार काढली, त्याच्यावर एका झाडाचे ऋण झाले. ते ऋण झाड लावणाऱ्याला फेडता येत नाही, कारण तो पुष्कळदा आपल्याला भेटतही नाही. ते पुढे येणाऱ्यांपाशीच फेडावे लागते.

तीनच्या सुमारास मजूर उठले. त्या बाईने झोळी सोडली, निजलेले मूल खांद्यावर घेतले आणि आजीला म्हणाली, “येते, आजी.” आजीने तिच्या हाती वाटीभर पन्हे दिले. दुपार कलली होती. लिंबाची सावली ओसरी सोडून रस्त्यावर गेली होती, आणि मजूर ती ओलांडून पुन्हा उन्हात गेले. नात त्यांच्याकडे पाहत उभी राहिली.

रस्त्याच्या पलीकडे, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात, एक लहानसे लिंबाचे रोप होते. आजीने ते दोन पावसाळ्यांपूर्वी लावले होते. त्याची उंची नातीच्या कमरेएवढी होती. पलीकडच्या बाजूला दुपारच्या आधी सावली नसते, म्हणून आजीने ती जागा निवडली होती. नातीने तीन दिवस ते रोप पाहिले होते, पण ते कशासाठी आहे हे तिने विचारले नव्हते.

संध्याकाळी भांडी घासून झाली. आजी धुण्याचे पाणी बादलीत भरू लागली, तेव्हा नात म्हणाली, “आजी, मी नेते.”

बादली जड होती. निम्म्या वाटेवर तिने ती खाली ठेवली, हात बदलला आणि पुन्हा उचलली. पाणी सांडू नये म्हणून ती हळूहळू चालत होती.